दोनदा तपासलेली उत्तरं

४ फेब्रुवारी

आज परत ओरडले. ओरडायचं नाही असं ठरवून चार दिवस कसेबसे काढले होते — गेलं सगळं पाण्यात!

खारूची निम्मी गणितं चुकली. एक गणित तर मी तिला पुन्हा पुन्हा करायला लावलं. दर वेळी म्हणते, "चौऱ्याऐंशी." मी ॲबॅकसच्या मण्यांवर दोनदा तपासलं, दोन्ही वेळा एकोणनव्वद. "डोकं कुठे आहे तुझं?" असं म्हटलं, तर तिने हात वर नेऊन डोकं चाचपून बघितलं. चेष्टा नव्हती ती. घाबरून चाचपलं. कुणालाही हसू आलं असतं. मी पुस्तक तिच्या हातातून ओढून घेतलं.

आता ती आजीच्या इस्त्रीच्या टेबलाखाली बसून रुमालांच्या घड्या घालतेय. माझ्याकडे पाठ करून.

५ फेब्रुवारी

सकाळी बूट घालता घालता हे म्हणाले, "पोरगी तिसरीत आहे. चंद्रावर यान नाही सोडायचंय तिला."

हे लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट यांच्याकडे गेली की वर-खालीवरच येते. म्हणाले, "दार नीट लागलं नसेल तर लिफ्ट वर जात नाही. आणि तू नुसती बटण दाबत बसतेस. दाबून दाबून बटण तेवढं खराब होतं."

मला पटलं. पण तोंडाने म्हटलं, "तुम्ही बसा ना मग रोज तिच्याजवळ!" यांनी पाना-पक्कडीची पिशवी उचलली आणि गेले. म्हणजे जिंकले तेच.

दुकानात दिवस बरा गेला. चष्म्याच्या दुकानात चूक करून चालत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा नंबर मी कारागिरासाठी उतरवून देते — अधिक की वजा, हे दोनदा बघते. चिन्ह उलटं गेलं तर माणूस नवा चष्मा लावून जिन्यावरून पडायचा. मालक मला "दोनदाबाई" म्हणतात, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. "आमच्या दोनदाबाईंनी बघितलंय, बिनधास्त घाला." वरवर मी कसंनुसं तोंड करते. आतून आवडतं.

६ फेब्रुवारी

आज ॲबॅकसचा क्लास. तो शिंप्याच्या दुकानाच्या वर आहे. पालकांनी आत यायचं नाही, जिन्यात थांबायचं. बाकीच्या आया खालच्या पायऱ्यांवर गप्पा मारतात. मी सगळ्यात वर, दाराला लागून बसते. मांडीवर खारूचा जुना छोटा ॲबॅकस. आत मॅडम सांगतात ते मी बाहेर करते.

एका सळईला वर एक मणी, तो पाचाचा. खाली चार, ते एकेकाचे. आधीच्या लेव्हलचं मी पुस्तकावरून शिकले, या लेव्हलचं दारातून. मॅडमचा आवाज छान खणखणीत आहे. "सहावर सात — दोन वर, डावीकडे एक!" आत सगळी मुलं खट्‌खट् करतात, मीही करते. एकदा शिंपीदादा वर आले, मला बघून म्हणाले, "ताई, तुमचीपण परीक्षा असते का?"

लाज वाटली. पण थोडीच.

माझ्या अभ्यासाला माझ्याजवळ कधी कुणी बसलं नाही. बसणार कोण? आईला अजून छापलेला कागद सुलटा की उलटा ते वरच्या चित्रावरून कळतं. बाबांनी शेवटपर्यंत अंगठाच दिला. घरात पहिली पाटी आली ती माझी, आणि मी काय लिहितेय ते विचारायची कुणाची छाती नव्हती. खारूला असं एकटं सोडायचं नाही, हे मी ती पोटात असतानाच ठरवलं होतं.

क्लासला येणाऱ्या जुळ्यांच्या आईने आज मला वेड्यात काढलं. मॅडमचा नियम आहे — उत्तरांची पानं त्यांच्याकडे, आणि घरी फोन नाही, कागदावर बेरीज नाही. तपासायचं ते मण्यांवरच. मी ते करते म्हटल्यावर ती खो खो हसली. "अहो, ते पोरांसाठी! आपण कशाला मणी सरकवत बसायचं? मी दूध तापेपर्यंत दोघांची पानं फोनवर उडवते."

मी म्हटलं, "नियम तो नियम."

"तुम्ही ना, सिग्नलला गाडी नसली तरी उभ्या राहाल!"

हो. राहते मी.

८ फेब्रुवारी

मी ओट्याशी भांडी पुसत होते. बाहेर आजी-नातीचं चाललं होतं. खारू विचारत होती, "आजी, आई कधी चुकते का?"

माझी आई इस्त्री टेकवून म्हणाली, "तुझी आई? अगं ती शिकलेली आहे. या घरात विजेच्या बिलापासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळं तीच वाचते. तिच्या तोंडून निघालं म्हणजे छापलं."

"आणि दुसरं कुणी शिकलेलं वेगळं म्हणालं तर?"

"तर आईचं धर. आईला वाईट वाटेल असं करू नये."

मी एकच ताट कितीतरी वेळ पुसत राहिले. सुखावले होते. आईला कधी माझ्या तोंडावर असं म्हणता येत नाही.

९ फेब्रुवारी

एकही चूक नाही!! सगळं पान बरोबर!

मी दोनदा तपासलं. खरंच सगळं बरोबर. कालपर्यंत निम्मं चुकत होतं आणि आज — मला रडूच आलं. तिला जवळ घेतलं तर ती काठीसारखी ताठ. मी म्हटलं, "बघ, लक्ष दिलं की येतं की नाही?" ती "हो" म्हणाली.

जरा हळू झालीय. आधी तिची बोटं हवेत मणी सरकवायची — रिकाम्या टेबलावर खारीसारखी तुरुतुरु — आणि माझं वाचून संपायच्या आत उत्तर यायचं. आता उत्तर तोंडाशी येतं असं वाटतं, मग थांबते. ओठ हलतात. मग सांगते. असू दे. घाईपेक्षा नीट बरं.

११ फेब्रुवारी

थांबते तेव्हा ती माझ्या हातांकडे बघते, हे आज लक्षात आलं. म्हणजे कॉपी! अंगातून गरम वाफ गेली. माझी मुलगी, माझ्यासमोर!

मी तिला उलटं बसवलं. पाठीला पाठ लावून. ती भिंतीकडे, मी खिडकीकडे. अंक वाचले. तरीही सगळी बरोबर!

मग मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ वर्षांच्या पोरीवर संशय घेतला. तिला म्हटलं, "चुकलं हं माझं, तू कॉपी नव्हतीस करत." ती एकदम वळून म्हणाली, "तुझं काय चुकलं?" डोळे मोठे करून, जणू मी काही मोठी गोष्ट सांगणार आहे. मी म्हटलं, "हेच, उगीच संशय घेतला." तर म्हणाली, "हं. ते होय."

१२ फेब्रुवारी

सगळी बरोबर. शाबास म्हटलं. "झालं ना? जाऊ?" म्हणाली.

१३ फेब्रुवारी

रविवारी लेव्हलची परीक्षा. मॅडम अंक वाचणार, मुलांनी मनातल्या मनात करून मोठ्याने उत्तर सांगायचं. नापास झालं तर पुन्हा पहिल्या लेव्हलच्या चिल्ल्यापिल्ल्यांत बसायचं. आणि या वेळी पालकांना आत येऊ देणार आहेत — मागच्या बाकावर, तोंड बंद ठेवून.

जिन्यात मी जरा फुशारकी मारली. "हिचं घरी आठवडाभरात एकही चुकलं नाही." जुळ्यांची आई म्हणाली, "मग आमच्या ढब्बूंना हिच्या पायाचं तीर्थ पाजते!" सगळ्या हसल्या. मीही.

घरी येताना खारू म्हणाली, "तू आत नको येऊस ना."

"का गं?"

"असंच."

"बाबा आलेले चालतील?"

"बाबा चालतील."

जेवताना यांना सांगितलं. हे म्हणाले, "नको म्हणतेय तर मी जातो. मला तरी कुठे काय कळणार! मागे बसून डुलक्या काढीन, पोरगी निवांत."

मी म्हटलं, "माझ्या परीक्षेला कधी कुणी आलं नव्हतं."

"ही तुझी परीक्षा नाही."

हे शांतपणेच म्हणाले. तरी मी ताट घेऊन उठले.

१६ फेब्रुवारी

कुठून लिहू. लिहितेच. नाही लिहिलं तर उद्या मी स्वतःलाच वेगळं काहीतरी सांगेन.

मी गेले. मागच्या बाकावर बसले. ॲबॅकस मांडीवर ओढणीखाली. कुणाला सांगायला नाही, देवाशपथ नाही. नुसतं आपलं आपल्याला कळावं म्हणून. खारू पुढून दुसऱ्या बाकावर. तिने एकदाच मागे वळून मी कुठे बसलेय ते बघून घेतलं.

तिची पाळी आली. मॅडमनी वाचलं, "पंधरा, अधिक अकरा, अधिक सतरा, वजा दोन, अधिक एकवीस."

मॅडमचा "वीस" हवेत आहे तोवर खारू म्हणाली, "बासष्ट!" ते जुनं, तुरुतुरु उत्तर. आणि मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. मांडीवर माझ्या सदुसष्ट होते. मी खूण केली नाही. मान हलवली नाही. पण तोंड माझं आहे, ते मी घरी ठेवून आले नव्हते.

"नाही नाही," ती म्हणाली, "सदुसष्ट."

मी श्वास सोडला. वाचली पोरगी!

मॅडमनी फुली मारली.

पुढच्या गणितालाही तसंच. त्याच्या पुढच्यालाही. पहिल्यांदा एक सांगायचं, मागे बघायचं, मग दुसरं. दुसरं माझ्याशी जुळायचं आणि मॅडम फुली मारायच्या. माझं डोकं फिरलं. वाटलं, मॅडमनी उत्तरांचं पान चुकीचं घेतलंय. गरीब पोर बरोबर सांगतेय आणि हिला नापास करतायत! आम्ही कोण, इस्त्रीवालीची नात — करा नापास. हेसुद्धा मनात आलं माझ्या. लिहून ठेवते.

परीक्षा संपली, मुलं पाणी प्यायला खाली पळाली, आया त्यांच्यामागे. मी मॅडमच्या टेबलाशी गेले. म्हटलं, "मॅडम, राग मानू नका. पण सदुसष्टच येतं ते. मी दोनदा केलंय." आणि ओढणीखालून ॲबॅकस काढला. काढताना मान ताठ होती माझी. त्या ताठ मानेची आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

मॅडम म्हणाल्या, "करून दाखवा बरं."

केलं. सदुसष्ट.

त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, मण्यांकडे नाही. म्हणाल्या, "सगळं राहू दे. नुसते सहा घ्या. त्यावर सात घाला."

मी सहा घेतले. "दोन वर, डावीकडे एक," असं त्यांच्याच चालीवर मोठ्याने म्हणत केलं.

"किती झाले?"

मी खाली बघितलं. अठरा.

सहा आणि सात तेरा. मला शाळेत जायच्या आधीपासून येतं ते. दारापुढे गोट्या मांडून यायचं. आणि माझ्या मांडीवर अठरा होते.

"वरचा मणी," मॅडम म्हणाल्या. "दोन वर घेताना पाचाचाही वर परत जातो ना. तो तुमचा खालीच राहतोय. दर वेळी पाच जास्त." त्यांनी करून दाखवलं. अंगठ्याने दोन मणी वर सरकले, आणि त्याच क्षणी पहिल्या बोटाने वरचा मणी उचलला. एकच खट्. दोन आवाज येतच नाहीत.

"हे तुम्ही कुठे शिकलात?"

"जिन्यात. बाहेर बसून."

"ऐकून?"

"हो."

त्यांनी स्वतःच्या बोटाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मी तोंडाने तेवढंच म्हणते. बोट मुलांना दिसतं म्हणून बोलत नाही. माझ्या कधी ध्यानातच आलं नाही की बाहेर कुणी…"

मला नियम मोडून फोनवर एकदा, फक्त एकदा तपासता आलं असतं. पण मी दोनदा तपासलं ना! चूकसुद्धा दोनदा, अगदी सारखी, व्यवस्थित.

आणि दारात जुळ्यांची आई उभी होती. पोरांची पाण्याची बाटली विसरली होती ती न्यायला आली होती. किती ऐकलं कोण जाणे. एवढी बोलकी बाई, पण तिने बाटली उचलली आणि चपलांचा आवाज न करता निघून गेली. एखादा टोमणा मारला असता तर मी तिचे पाय धरले असते.

मॅडम म्हणाल्या, "वर्गात एरवी हिचं उत्तर सगळ्यांच्या आधी येतं. आज प्रत्येक पहिलं उत्तर बरोबर होतं. मी पुढच्या रविवारी तिची पुन्हा घेते, एकटीची. पण त्याआधी तुम्ही तिला सांगा. मी नाही सांगणार. ते तुमच्या तोंडून यायला हवं."

मी हो म्हटलं.

खाली खारू नळापाशी उभी होती. बाही ओली. "नापास ना?" म्हणाली.

"पुढच्या रविवारी परत आहे," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

१७ फेब्रुवारी

दुकानात आज प्रत्येक नंबर इतक्या वेळा बघितला की कारागीर वैतागला. मालक म्हणाले, "काय हो दोनदाबाई, आज चारदाबाई झालात की!" मी मागच्या खोलीत जाऊन फ्रेमा पुसत बसले.

चौऱ्याऐंशी. ४ तारखेचं ते गणित आज काढून केलं. चौऱ्याऐंशीच येतात. "डोकं कुठे आहे तुझं?"

१८ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत सराव केला. अंगठा आणि बोट एकदम वर. बोट ऐकत नाही. इतके दिवस चुकीचं शिकवलंय त्याला, एका दिवसात कसं सुधारेल?

मग तिचं बोट कसं सुधारेल! आठवडाभर ती माझ्यासारखीच उत्तरं देतेय. म्हणजे माझी चाल तिच्या हातात बसली. चांगलं पळणारं पोर मी धरून लंगडं केलं. आणि प्रत्येक लंगड्या पावलाला "शाबास" म्हटलं.

घरी सांगितलंय, या आठवड्यात सराव बंद, विश्रांती. खारूने कारण विचारलं नाही. खरं कारण हे की मला अजून येत नाही.

१९ फेब्रुवारी

सांगायला बसले होते. तिच्या वेण्या घालत होते, म्हणजे तिला माझं तोंड दिसत नव्हतं. "खारू, त्या परीक्षेत ना —" एवढं म्हटलं.

आईने मध्येच तोंड घातलं. "पोरीला काय बोलतेस? त्या मास्तरणीचंच चुकलं असेल. तू स्वतः बसून तपासलंस ना सगळं? मग! माणूस आहे, तीही चुकते."

मी गप्प बसले.

गप्प बसले! मॅडमवर ढकललं गेलं आणि मी ते तिथेच राहू दिलं. रबर बांधलं, वेणी झाली, "जा" म्हटलं. आईने माझ्याकडे बघून मान डोलावली — कसं बोलले, अशी. ती मला बघून अशी मान डोलावते तेव्हा मी पुन्हा पाटी घेऊन घरी आलेली मुलगी असते. त्या मुलीचं उत्तर कुणी कधी तपासलं नव्हतं. तपासणारं घरात नव्हतंच कुणी. मला वाटायचं, मी बरोबर असते.

हेही कारण झालं. कारण देऊ नये.

२० फेब्रुवारी

क्लासचा दिवस. आज मी वर बसले नाही. खाली शिंप्याच्या दुकानापाशी उभी राहिले. दार बंद करताना मॅडम जिन्यातून डोकावल्या. भुवया उंचावून नुसतं विचारलं — सांगितलंत? मी मान खाली घातली. त्यांनी दार लावलं.

जुळ्यांची आई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ शिवणयंत्राकडे बघत होती. मग म्हणाली, "मला तर ते मणी कसे धरायचे तेसुद्धा माहीत नाही." आणि पुढे लगेच, "दोघांनी आज डबे अदलाबदल केलेत, एकाला तिखट सोसत नाही, बोंबलणार आता."

बाईला मी फार हलकी समजत होते.

येताना खारूने विचारलं, "आई, मॅडम खरंच चुकल्या का गं? आजी म्हणते तशा?"

समोरून मोठी गाडी येत होती. मी तिचा हात ओढला. म्हटलं, "रस्त्यात बघून चाल."

याहून सोपा प्रश्न मला कुणी कधी विचारणार नाही. "नाही" एवढंच उत्तर होतं.

२१ फेब्रुवारी

बोट वळलं. आज प्रत्येक वेळी वळलं. मागच्या खोलीत एकटीने केलं आणि नंतर — हो, फोनवर तपासलं. सगळी बरोबर.

यांना मात्र सांगितलं, सगळं. पायऱ्यांवर बसून. हे हसले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडे मजल्याचा काटा चुकीचा असला ना, की लिफ्ट चौथ्यावर उभी असते आणि काटा पाच दाखवतो. माणसं उतरतात आणि दुसऱ्याच्या दाराची बेल वाजवतात. लिफ्टला कुणी नावं ठेवत नाही, काटा बदलतात."

"काट्याला वाईट वाटत असेल," मी म्हटलं.

"काट्याने बोलायचं असतं मग." आणि उठता उठता म्हणाले, "पोरीला सांग. ती तुला खाणार नाही."

ती खाणार नाही हे मलाही माहीत आहे. तेच अवघड आहे.

२२ फेब्रुवारी

संध्याकाळी सरावाला बसवलं. म्हटलं, आधी माझी उत्तरं बरोबर येतात ते होऊ दे, मग ओघात सांगते — बघ, मी आधी असं करायचे.

अंक वाचले. तिने थांबून, ओठ हलवून सांगितलं, "शहात्तर." माझे एकाहत्तर.

दुसरं. माझ्यापेक्षा पाच जास्त. तिसरं, पाच जास्त. माझी सगळी बरोबर होती, आणि तिची सगळी माझी जुनी चूक होती!

"मण्यांवर नीट कर," मी म्हटलं. आवाज चढू दिला नाही. तिने माझ्या मण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. गोंधळली.

मी पुस्तक बंद केलं. सांगितलं नाही. काय सांगणार होते? माझं सुधारलं, तुझं बिघडलं, आणि उद्या परीक्षा?

ती इस्त्रीच्या टेबलाखाली जाऊन बसली. उद्या चिल्ल्यापिल्ल्यांत बसवतील तिला. गुडघे बाकाला लागतील तिचे. आणि ती "आईमुळे" असं कधी म्हणायची नाही.

२३ फेब्रुवारी

मी आत गेले नाही. खाली थांबले. अर्ध्या तासात मॅडम स्वतः तिला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. सगळी बरोबर. एकही नाही बदललं. प्रत्येक पहिलं उत्तरच.

मला खरं वाटेना. रस्त्यात मी खाली बसून तिचे खांदे धरले. म्हटलं, "खारू, चुकत मी होते. तुझी आधीपासून बरोबर होती. मॅडमचं काही चुकलं नाही. मग काल घरी पाच-पाच जास्त का सांगत होतीस?"

ती बुटाचं टोक जमिनीवर घासत राहिली. मग म्हणाली, "ते तुझे पाच होते. तू समोर असलीस की मी घालते."